मामकूळ समक्ष भेटीत

रविवार, ९ नोव्हेंबर

आज मराठी मंडळात माझं व्याख्यान झालं. विषय, 'मोबाइलवर सुरक्षित राहण्याच्या पंधरा सवयी'. वेळ पंचेचाळीस मिनिटं ठरली होती, बावन्न लागली. उपस्थिती एकतीस. झोपले चार, पण त्यातले एक मंडळाचे कोषाध्यक्ष. ते प्रत्येक कार्यक्रमात झोपतात, म्हणून मी तीनच धरतो.

शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि अध्यक्षांनी माइकवरून जाहीर केलं की आजपासून हिम्मतराव बिरादार हे मंडळाचे सुरक्षा सल्लागार! मी तिथल्या तिथे विचारलं, असं पद घटनेत आहे का? नाही म्हणाले, घालून घेऊ. टाळ्या. घरी येईपर्यंत शाल अंगावरच ठेवली. दिलसुखनगरच्या बसमध्ये उकडलं, पण ठेवली.

दहावी शिकलेला माणूस मी. हैदराबादेत गौलीगुड्यात वजनकाट्यांचं दुकान. इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा बेगम बाजारातले बाकीचे मिस्त्री हातपाय गाळून बसले. मी एक नवा काटा विकत घेतला, उघडला, पुन्हा जोडला. दोन स्क्रू उरले तेव्हा परत उघडला. अकराव्या वेळेला एकही उरला नाही. संगणकही असाच शिकलो. कुणाच्या पायाशी बसलो नाही.

पहिल्याच सवयीला लोक हसले. "ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. बँकेला नाही, पोलिसाला नाही, प्रत्यक्ष देवाने मागितला तरी नाही." हसू यावं म्हणून म्हटलं नव्हतं, पण आलं तर बरंच.

यादी माझ्या मुलीने, तेजश्रीने टाइप करून दिली आणि तिच्या ऑफिसातल्या कुणा निखिलकडून तपासून आणली. सातव्या सवयीत मी लिहिलं होतं, पासवर्ड दर महिन्याला बदलावा. त्यापुढे निखिलने लिहिलं, "काका, सारखा बदलायचा म्हटलं की माणूस सोपा ठेवतो. लांब ठेवा, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा, फुटल्याचा संशय आला तरच बदला." दोन दिवस मला राग होता. मग चार ठिकाणी पडताळून पाहिलं. बरोबर आहे. कोण कुठला ठाऊक नाही, पण पोरगा चोख.

ही दैनंदिनी कागदावर का, तेही नोंदवून ठेवतो. कागद दूर बसून कुणाला उघडता येत नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

घरात नियम लागू. सुनंदाच्या फोनला दोन टप्प्यांचं कुलूप लावलं. माझे नऊ पासवर्ड नवे केले, प्रत्येकी वीस अक्षरं. टाइप करताना मी तोंडाने म्हणतो, त्याने चूक होत नाही. सहाव्याला अडलो, तर स्वयंपाकघरातून सुनंदाचा आवाज, "अहो, चारच्या आधी मोठा जी राहिला." बघितलं तर खरंच राहिला होता. बायकोची स्मरणशक्ती चांगली आहे.

दुपारी आईला व्हिडिओ कॉल आला. खाकी कपड्यातला माणूस. तिच्या नावाचं पार्सल पकडलंय, तिला फोनवरच अटक झालीय, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही. आई म्हणाली, "उठत नै बेटा, गुडघेच उठू देत नैत. तू जेवला का?" मग त्याला गुडघ्यांची सगळी हकीकत, वैद्यापासून इंजेक्शनापर्यंत. शेवटी विचारलं, "तुझ्या मायला म्हाइत हाय का, तू कोणतं काम करतो ते?" फोन त्यानेच ठेवला. सव्वीस मिनिटं!

पंधरापैकी नऊ सवयी आईने एका कॉलमध्ये मोडल्या. तिला समज दिली. ती म्हणाली, "हिम्मत्या, त्याचा चेहरा सुकला होता रे." अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला किती समजावणार.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज जे घडलं ते क्रमाने लिहितो.

मंडळातल्या जयवंताबाई स्थळं जमवतात. आजवर सत्तावीस लग्नं. सकाळी त्यांचा फोन, "हिम्मतराव, तेजूचा बायोडाटा पुन्हा एकदा पाठवा की. चांगलं घर हाय, पुण्याचे लोकं, पोरगा इथंच नोकरीला हाय." मी जुना बायोडाटा उघडला, आणि खुर्चीतच थिजलो.

जन्मतारीख. जन्मवेळ, मिनिटासकट. जन्मगाव. शाळेचं नाव. घरातलं लाडाचं नाव. घर क्रमांक, गल्ली, दोन मोबाइल नंबर. आणि शेवटून तिसऱ्या ओळीत, ठळक अक्षरात, मामकूळ! म्हणजे आईचं माहेरचं आडनाव! बँक फोनवर ओळख पटवायला नेमकं हेच विचारते. हा कागद गेल्या वर्षी आपण होऊन, गणपतीचा फोटो वर लावून, मंडळाच्या चारशे बारा जणांच्या ग्रुपवर मीच टाकला होता. तिजोरी उघडी टाकून वर हळदकुंकू वाहिलं.

दुकान बंद केलं. बँकेत जाऊन तिघांचीही गुप्त उत्तरं बदलली. आता बँकेच्या लेखी सुनंदाचं माहेर वेगळंच आहे. कुठलं ते इथेही लिहीत नाही. सुनंदाला सांगितलं तर म्हणाली, "आता त्या माहेराला दिवाळीला जायचं का?"

दुपारभर बसून नवा, सुरक्षित बायोडाटा तयार केला. नाव: ते. हि. बिरादार. जन्म: चालू शतकाच्या सुमारास. उंची: पुरेशी. शिक्षण: झालेले. नोकरी: आहे. पत्ता: हैदराबाद. मामकूळ: समक्ष भेटीत. फोटो चोरून कुणी भलतीकडे वापरू नये म्हणून त्यावर तिरकी ओळ टाकली, 'केवळ स्थळ पाहण्यासाठी, इतर वापरास सक्त मनाई'. ओळ नाकावरून जाते, पण डोळे स्पष्ट दिसतात.

सुनंदाने तो बघून पदर तोंडाला लावला. तेजश्री संध्याकाळी आली, वाचू लागली आणि हसत हसत खाली बसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम थांबली.

"आबा, हा जयवंतामावशींना पाठवलात?"

"पाठवला."

"हाच?"

"हाच."

"त्यांनी पुढे पाठवला असेल का? कधी? आज?"

मुलीला लग्नाची घाई नाही असं मी समजत होतो. सत्तावीस वर्षांची झाली, बदलतं माणूस.

रविवार, १६ नोव्हेंबर

विजय! पकडला!

सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी अनोळखी नंबरवरून फोन. "नमस्कार. आपण हिम्मतराव बिरादार ना? मी प्रकाश जगदाळे. आपला बहुमूल्य वेळ घेत नाही ना? आपल्या सुकन्येच्या संदर्भात सवडीने बोलावं, असं मनात होतं."

माझे कान टवकारले. अहो, चाळीस वर्षं या शहरात मराठी बोलतोय मी. आमच्या मराठीत हौ असतं, नक्को असतं, मध्येच एखादा तेलुगू शब्द डोकावतो. 'बहुमूल्य' असतं का? एकदा अडखळला नाही, एकदा 'म्हंजे' म्हणाला नाही. इतकं धुतलेलं मराठी हैदराबादेत माणसाच्या तोंडून येतच नाही. हा यंत्राने बनवलेला आवाज. हल्ली बनवतात, मी व्याख्यानात सांगितलं होतं.

तरी मी लगेच निकाल दिला नाही, लक्षणं मोजली. पहिलं, अनोळखी नंबर. दुसरं, मुलीचं नाव पुढे करून काळजात हात घालणं. तिसरं, घाई: "डिसेंबरात मुहूर्त थोडेच आहेत." चौथं, अतिशुद्ध भाषा. पाचवं ऐकून तर मी उभाच राहिलो: "आपण पाठवलेल्या माहितीत काही रकाने रिकामे दिसले. जन्मवेळ आणि मामकूळ कळलं असतं तर बरं झालं असतं. आमच्या मुलाची माहिती एका लिंकवर ठेवली आहे, ती पाठवतो."

मामकूळ! लिंक!

मी अगदी शांतपणे विचारलं, "हौला म्हणजे काय, सांगा."

"क्षमा करा, कोण?"

"हौला. या शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं."

"मी ऑगस्टमध्येच पुण्याहून आलो आहे. तो एखादा प्राणी आहे का?"

बस. हौला म्हणजे मूर्ख, आणि मी तो नाही. फोन ठेवला, नंबर ब्लॉक केला, सायबर तक्रारीच्या सरकारी पानावर नोंदवला. दहा वाजून बावीस मिनिटांनी ग्रुपवर टाकलं: 'सावधान! स्थळाच्या नावाखाली फसवणुकीचा नवा प्रकार! पाच लक्षणे!' सोबत सगळा संवाद, प्रत्येक लक्षणाखाली टीप, शेवटी तो नंबर. सगळ्यांनी तक्रार करा म्हटलं. दुपारपर्यंत एकशे सहा अंगठे आले.

जेवताना सगळं तेजश्रीला सांगितलं. तिच्या हातातला घास हातातच राहिला.

"नाव काय म्हणालात, आबा?"

"प्रकाश जगदाळे. खोटं नाव घ्यायचं तर भारदस्त घेतात."

ती जेवलीच नाही. ऑफिसचं टेन्शन म्हणाली. रविवारी?

सोमवार, १७ नोव्हेंबर

जयवंताबाई स्वतः दुकानात आल्या. सत्तरीच्या बाई, दोन बस बदलून आल्या. उभ्यानेच सुरू झाल्या.

"हिम्मतराव, तुमच्या डोस्क्याचा काटा एकदा तपासून घ्या. जगदाळे खरे हायेत!"

"पुरावा?"

"माझ्या घरी बसून चहा पिले! दोन कप! बायको मीनाबाई, पोरगा निखिल. बँकेत ऑडिट करून रिटायर झाला तो माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांचे घोटाळे धरले, अन् तुम्ही त्यालाच चोर केले!"

"खरे जगदाळे असतीलही. पण त्यांचा आवाज चोरून दुसरा कुणी..."

"मी फोन लावून देते. बोला."

त्यांनी लावला. लागला नाही. अ‍ॅपवरून लावला. ते खातं बंद होतं. इतक्या जणांनी तक्रार केल्यावर कंपनीने तात्पुरतं बंद केलं म्हणे. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी समोरच्या काट्यावर उगाच वजन ठेवलं आणि उचललं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

जगदाळ्यांकडून निरोप आला. 'असे संशयी घर आम्हाला झेपणार नाही. पुण्याचे दुसरे स्थळ बघतो आहोत.'

मी म्हटलं, ठीक. स्थळं काय, जयवंताबाईंकडे वहीभर आहेत. पण घरात काही ठीक नाही. सुनंदा माझ्याशी बोलते, पण भांड्यांमार्फत. आईने आज माझ्या हातून औषध घेतलं नाही. "तेजू देईल," म्हणाली. आणि तेजश्री? तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी फटीतून बघितलं नाही, पण दिसलं. फोन छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून बसली होती. बारावीला दोन गुण कमी पडले तेव्हाही अशीच बसली होती, आणि तेव्हा निदान माझ्याजवळ येऊन रडली होती.

एका न पाहिलेल्या स्थळासाठी मुलगी इतकी का मोडते, हे कोडं मला सुटत नाही. सुनंदाला विचारलं.

ती म्हणाली, "पंधरा सवयी शिकवता ना लोकांना? सोळावी शिका. चुकलं म्हणायची."

दुकानात दिवसभर विचार केला. तो रविवारचा संवाद पुन्हा पुन्हा आठवला. "तो एखादा प्राणी आहे का?" यंत्राने असं विचारलं नसतं. यंत्राने काहीतरी ठोकून दिलं असतं. न येणारं न येणारं म्हणून सांगतो तो माणूसच असतो. हे मला रविवारी कळायला हवं होतं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

जयवंताबाईंकडून जगदाळ्यांच्या घरचा नंबर घेतला आणि दुकानाच्या फोनवरून लावला. माफीची वाक्यं कागदावर लिहिली होती, सात.

"मी हिम्मतराव बिरादार बोलतोय."

पलीकडे तोच धुतलेला आवाज, "कशावरून?"

"म्हणजे?"

"आपण हिम्मतराव बिरादार आहात, हे मी कशावरून मानावं? नंबर अनोळखी आहे. आवाज हल्ली बनवता येतात, असं एका तज्ज्ञांचं मत मी छापून ठेवलं आहे."

मी म्हटलं, मी रविवारचा संवाद शब्दशः सांगतो. ते म्हणाले, तो संवाद चारशे बारा लोकांनी वाचला आहे. मी म्हटलं, मी माझ्या मोबाइलवरून फोन करतो. ते म्हणाले, नंबरही बनवता येतात, लक्षण क्रमांक एकखालची टीप वाचावी. ती टीप मीच लिहिली होती! वीस मिनिटं झाली, मी मी आहे हे मला सिद्ध करता येईना. आणि खरं सांगू का, मनातून मला तो माणूस आवडू लागला होता. शहरात पहिल्यांदाच कुणीतरी टिपा वाचल्या.

शेवटी ते म्हणाले, "रविवारी अकरा वाजता समक्ष या. ओळखपत्र आणा. मी सव्वा अकरापर्यंत थांबेन. त्यानंतर हा विषय कायमचा मिटला, असं समजावं."

सुनंदाला सांगितलं. ती आणि तेजश्री माझ्यासोबत निघणार म्हणाल्या. मी म्हटलं, नाही. माफी मागायला माणसाने एकटं जावं. तेजश्रीने माझा शर्ट स्वतः इस्त्री केला, बाह्यांच्या घड्यांसकट.

रविवार, २३ नोव्हेंबर

मियापूर. मोठी वसाहत, चार बुरूज, बारा बारा मजले. मी दहा वाजून एक्कावन्न मिनिटांनी फाटकाशी पोचलो. ओळखपत्र खिशात, पेढे हातात.

फाटकावर यादगिरी नावाचा पहारेकरी. म्हणाला, "ओटीपी बोलो चचा."

मी म्हटलं, "क्या?"

"फोन पे आया होंगा. चार नंबर. बोले तो गेट खुलता."

फोन बघितला. आला होता. जगदाळ्यांनी वसाहतीच्या अ‍ॅपवरून पाठवलेला, प्रवेशासाठीचा ओटीपी. आणि हा माणूस, ज्याचं आडनावही मला ठाऊक नाही, तो मला तो मोठ्याने सांगायला सांगतोय!

"नै बोलते," मी म्हटलं.

"कायकू?"

"किसीकू नै बोलते. मैं लोगांकू सिखाता हूं."

"सिखाओ चचा, मगर अंदर जाके सिखाओ."

दहा पंचावन्न. मी सुचवलं, माझा फोन बघ आणि तूच दाब. तो म्हणाला, दुसऱ्याच्या फोनला हात लावायची मनाई आहे. (नियम उत्तम आहे.) मी म्हटलं, यंत्र माझ्याकडे फिरव, मी दाबतो. ते खिडकीच्या आत तारेने बांधलेलं. मी म्हटलं, वर फोन लावून विचार. लावला. वरून उत्तर आलं, "ते स्वतः सुरक्षा तज्ज्ञ आहेत. पद्धत त्यांना ठाऊक आहे."

अकरा. अकरा चार. मागे भाजीची गाडी, दोन स्कूटर आणि एक सोफा घेऊन आलेला टेम्पो. सगळे हॉर्न वाजवतायत. मी बाजूला सरकत नव्हतो आणि बोलतही नव्हतो. एकतीस लोकांसमोर मी म्हटलं होतं, प्रत्यक्ष देवाने मागितला तरी नाही. शब्द तोंडातून निघाला की तो शिक्का असतो.

अकरा आठ. तेजश्रीचा फोन.

"आबा, सांगा ना त्याला तो आकडा!" मी फाटकाशी अडलोय हे तिला घरी बसून कसं कळलं, विचारायचं राहिलं. "आबा, सात मिनिटं उरली आहेत. मी तुमच्याकडे कधी काही मागितलंय का? प्लीज आबा. एकदाच."

आवाज फुटला तिचा. मी डोळे मिटले. माझ्या पंधराही सवयी एका पारड्यात ठेवल्या, दुसऱ्यात तो आवाज. पारडं असं खाली गेलं की टणकन वाजलं.

खिडकीतून आत वाकून यादगिरीच्या कानात कुजबुजलो, "चार, सात, शून्य, नऊ."

तो वळून आतल्या माणसाला ओरडला, "चाऽऽर सात झीरो नौ!" टेम्पोवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

बी बुरूज, दहावा मजला. अकरा तेरा. दार एका तरुणाने उघडलं. घामेजलेला, दम लागलेला, जणू तोच फाटकावर उभा होता. वाकून नमस्कार केला.

"मी निखिल."

"कुठे असता?"

"गच्चीबावलीला, काका. म्हणजे... सातवी सवय माझीच."

मी चाट! हैदराबादेत हजारो निखिल असतील, आणि नेमका तोच! याला योगायोग म्हणतात.

प्रकाशराव टेबलाशी बसले होते. समोर माझा ग्रुपवरचा इशारा, छापलेला, लाल पेन्सिलीने तपासलेला. ओळखपत्र पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, परत दिलं. मी सात वाक्यांचा कागद काढला आणि खिशात ठेवून दिला.

म्हटलं, "जगदाळेसाहेब, माझी मोजणी चुकली. अख्ख्या ग्रुपसमोर चुकली, तशी दुरुस्तीही तिथेच केली आहे. वाचा." मी फाटकातून आत चालता चालता टाकलं होतं: 'गेल्या रविवारचा इशारा पूर्णपणे माझी चूक. जगदाळे हे सज्जन गृहस्थ. हौला मीच.'

त्यांनी चष्मा सारून वाचलं. "हौला म्हणजे मूर्ख, हे मला नंतर कळलं," ते म्हणाले. "आणि तुम्ही मला फसवणूक करणारा म्हणालात, त्याचा राग नाही. पाच लक्षणं दिलीत, मी तपासली. सहावंही होतं, मी स्वतःचा पत्ता सांगितला नव्हता. तुमच्या जागी मीसुद्धा फोन ठेवला असता. पण चौथं लक्षण, 'अतिशुद्ध भाषा'? हा पुरावा होतो का, हिम्मतराव? माणूस नीट बोलतो म्हणून यंत्र?"

"नाही होत. खोडा."

त्यांनी लाल पेन्सिल मला दिली. मी खोडलं आणि बाजूला सही केली, तारखेसकट. तारीख बघून त्यांचा चेहरा उजळला. "तारीख कुणी घालत नाही हल्ली!" म्हणाले. मग त्यांनी बायोडाटा काढला, माझा, सुरक्षित. "उंची: पुरेशी" वाचून ते हसायला लागले, मीही लागलो, आणि दोघांना थांबताच येईना. मीनाताई आतून पाणी घेऊन धावत आल्या.

"मामकूळ?" प्रकाशरावांनी डोळे पुसत विचारलं.

समक्ष भेट होती. सांगितलं.

जगदाळ्यांच्या घरच्या फोनवरून सुनंदाला आणि तेजश्रीला बोलावून घेतलं. दिलसुखनगरहून मियापूर म्हणजे मेट्रोनेही तास तरी. त्या अठरा मिनिटांत पोचल्या. रस्ता मोकळा असावा. पेढे वाटले. लग्न ठरलं! डिसेंबरातच!

सोमवार, २४ नोव्हेंबर

काल आनंदात एक तांत्रिक बाब लिहायची राहिली.

आई घरी होती, तिला मुलगा दाखवायचा होता. दहाव्या मजल्यावर माझ्या फोनला रेंज नाही, सुनंदाच्याही नाही. तेजश्रीने मात्र पर्समधून फोन काढला आणि चुटकीसरशी व्हिडिओ लावला. पडद्यावर आई निखिलला बघून म्हणाली, "आं, बारीक झाला की रे लेकरा!" आईचं वय झालं, कुणालाही ओळखीचं समजते. डोळ्यांच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली आहे.

तर तेजश्रीच्या फोनवर वायफायची खूण पूर्ण भरलेली होती, खाली नाव 'जगदाळे घर'. तिने कुणाला पासवर्ड विचारला नव्हता, मी समोरच होतो. नियम असा आहे की फोन आपोआप फक्त त्याच वायफायला जोडला जातो, जिथे तो पूर्वी जोडलेला असतो. मी प्रकाशरावांना लगेच सावध केलं, तुमचं वायफाय उघडं आहे. ते दुखावले. म्हणाले, सोळा अक्षरांचा पासवर्ड आहे, निखिल इथे राहायला आल्यापासून तो बदललेला नाही. माझ्या फोनवर तपासलं. मला पासवर्ड मागितला. सुनंदाच्या फोनवर तपासलं. तिलाही मागितला.

आम्ही दोघं राउटरसमोर मांडी घालून बसलो. तेवढ्यात निखिलला जोराचा खोकला आला. मीनाताई रिकाम्या ताटल्या घेऊन आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत, आतून कसला तरी आवाज येत होता. सुनंदा खिडकीकडे तोंड करून उभी होती, तिचे खांदे हलत होते. तेजश्रीचे कान लाल झाले होते. दहाव्या मजल्यावर हवा विरळ असते.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी आणि प्रकाशराव तो राउटर उघडणार आहोत. स्क्रूड्रायव्हर माझे, भिंग त्यांचं. तीन फोनांतून एकट्या आमच्या तेजश्रीलाच न विचारता आत घेणारं यंत्र मी आजवर पाहिलेलं नाही. दोष कुठे आहे, ते मी शोधून काढणारच.